निळी बादली भरलेली होती

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हालाही ठेवायचा नसेल तर चहा संपवा आणि उठा. फादर म्हणाले, "डिंफ्ना, दुःखात माणसाला नसतं ते दिसतं." गार्ड, म्हणजे आमच्या ठाण्यातला पोलीस, माझं अर्धं ऐकून टोपी घालून गाडीकडे चालू लागला. माझा नवरा, देव त्याचं भलं करो, म्हणाला, "झोप आता," आणि स्वतःच घोरायला लागला. मी प्राथमिक शाळेपुढे गेलेली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसल्या. अशा बाईने असं काही सांगितलं की लोक आधी तिच्या तोंडाचा वास घेतात.

पुढे त्यातलं अर्धं त्यांना मानावं लागलं. उरलेलं अर्धं अजून मानत नाहीत. ते उरलेलं अर्धं तुमच्या पाठीमागे फळीवर ठेवलंय. आत्ता वळून बघू नका. आधी ऐका.

तुम्ही दोघं डब्लिनहून आलात, केरिगनांचं रिकामं घर घेतलंत. चांगलं केलंत, माणसांवाचून घर कुजतं. आता विचारता की विहिरीवर पंप कोणता बसवावा. दुकानदाराने गुळगुळीत कागदांचं पुस्तक दिलंय, त्यात एक बाई नळाखाली हात धरून दात काढून हसतेय. ते चुलीत घाला. पंप कसा निवडायचा ते मला एकाच रीतीने सांगता येतं, आणि ते सांगायचं म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं सांगावं लागतं. इटाचं.

इटा इथून दोन शेतं पलीकडे, हॅनलींच्या घरात दिली होती. तिचा नवरा फर्गल. वाईट माणूस नव्हता, हेही सांगते. उंच, कमी बोलणारा, आजारी वासराशेजारी रात्रभर गोठ्यात बसणारा. पण त्याच्या डोक्यात एक विहीर होती. अंगणातली, दगडांनी बांधलेली, त्याच्या आजोबांनी हाताने खोदलेली. कधीकाळी दुष्काळात सगळी आळी तिथून पाणी नेत होती म्हणे. ही गोष्ट त्याने मला इतक्या वेळा सांगितली की त्याच्या आजोबांचे हात मला माझ्या नवऱ्याच्या हातांपेक्षा जास्त ओळखीचे झाले.

घरात नवी न्हाणी काढली, नळ आले, तेव्हा पंप घ्यायला आम्ही तिघं शनिवारी गावातल्या पॅकीच्या दुकानात गेलो. मी गेले ते बटाट्यांसाठी. पंपाशी माझा काय संबंध!

पॅकी काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. "पाणी किती खाली आहे?"

"सहा मीटर," फर्गल म्हणाला. "मी स्वतः मापलंय."

"कधी मापलंस?" इटाने विचारलं.

"फेब्रुवारीत."

"फेब्रुवारीत! अरे फेब्रुवारीत आपल्या अंगणात बदकं पोहतात. तेव्हा मापलंस तर पलंगाखालीसुद्धा पाणी लागेल."

पॅकी हसला. मी हसले. फर्गल हसला नाही.

"मी सप्टेंबरात दोरी सोडली होती," इटा म्हणाली. "कपडे वाळत घालायची, लांबलचक. दगड बांधून. पाणी लागलं ते नऊ मीटरच्या खाली."

"ऐकलंस पॅकी?" फर्गल म्हणाला. "माझी बायको विहिरीत मोजे वाळत घालते."

आता ते दोघेही हसले. इटा नाही.

पॅकीने दोन पंप दाखवले. एक लाल, जमिनीवर बसवायचा. "हा वरून ओढतो. नळीने दूध प्यायल्यासारखं. पण सात-आठ मीटरच्या खाली पाणी गेलं की कोणाचा बाप आला तरी ते ओढून वर येत नाही. मग हा हवा धरतो. वरून पाणी ओतून त्याला पाजायचं, मग पुन्हा चालतो." दुसरी, लांब, बारीक, चकचकीत. "ही पाणबुडी मोटर. पाण्याच्या आत बसते आणि वर ढकलते. आवाज नाही, हवा धरणं नाही. पण हिच्यासाठी बोअर मारून घे. तुझ्या विहिरीच्या तळाला गाळ असणार, ही गाळात गुदमरेल."

"हीच घेऊ या," इटा म्हणाली.

"म्हणजे आजोबांच्या विहिरीला पाणी नाही म्हणून गावभर सांगायचं? अंगणात यंत्र आणून दुसरं भोक पाडायचं?" फर्गलची मान लाल झाली होती. "आणि प्यायच्या पाण्यात विजेची तार! तो लाल दे, पॅकी."

पॅकीने एकदा इटाकडे पाहिलं, एकदा फर्गलकडे. मग लाल पंप खोक्यात घातला. दुकानदार मागेल ते देतो.

गाडीत इटा मागच्या सीटवर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "डिंफ्ना, नवऱ्याच्या आजोबांशी भांडता येत नाही गं. ते आधीच मेलेले असतात." आणि हसली. तिचं हसू मोठं होतं, आणि आवाजही, चर्चमधल्या गाण्यात सगळ्यांच्या वर ऐकू यायचा.

पंप विहिरीजवळच्या शेडमध्ये बसवला. पाणी आलं, आणि आवाजही आला. असा की गळ्यात हाड अडकलेला कुत्रा. तो चालू असताना शेडजवळ उभं राहून बोललात तर तुमचं तुम्हालाच ऐकू यायचं नाही. हे लक्षात ठेवा.

पाऊसकाळात ठीक. कोरडा उन्हाळा आला, पाणी खाली गेलं, आणि पंप हवा धरायला लागला. भांडी घासताना नळ खोकायचा आणि बंद. मग इटाने शेडमध्ये जायचं. कट्ट्यावर निळी एनॅमलची बादली असायची, एका बाजूला चोच असलेली. आमच्या माहेरची. मी लहानपणी ती दगडावर आपटली होती, तळाशी पोपडा उडून काळा डाग पडला होता, सशाच्या आकाराचा. त्या बादलीने पंपाला पाणी पाजायचं. मग विहिरीचं पत्र्याचं झाकण अर्धं उचलायचं, वाकून पाइप हलवायचा, म्हणजे तळाचा फूट व्हॉल्व्ह, पाणी परत खाली न सोडणारी झडप, नीट बसतो. मग पंप चालू.

आणि मग पिंपातून पावसाचं पाणी घेऊन बादली पुन्हा भरून ठेवायची. हा आमच्या मॅमीचा, आईचा, नियम. मॅमीचा काय, या भागात सगळ्यांचाच. पंपाला पाजलंस की बादली भरून ठेव, पुढचा माणूस तहानलेला येतो. रिकामी बादली ठेवून जाणारा आमच्याकडे चर्चला न जाणाऱ्यापेक्षा वाईट. इटाने आयुष्यात एकदाही ठेवली नाही. फर्गलनेही नाही. तेही लक्षात ठेवा.

त्या वर्षी वसंतात इटाचं मूल पोटातच गेलं. दुसरं मूल, थोरल्या लेकीच्या, ईमरच्या पाठचं, किती वर्षांनी राहिलेलं. ती काही महिने बोलेनाशी झाली. डॉक्टरने गोळ्या दिल्या. पण ऑक्टोबरापर्यंत ती सावरली होती, मला ठाऊक आहे. नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू करायची म्हणत होती. मरायला निघालेली बाई नाताळची गाणी काढत नाही.

ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस नव्हता. एका संध्याकाळी फर्गलचा फोन आला. "इटा तुझ्याकडे आहे का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग तालमीला गेली असेल. ईमर मैत्रिणीकडे राहायला गेलेली. रात्री पुन्हा फोन आला, तेव्हा मी कोट घालून निघाले. आम्ही रस्त्याने हाका मारल्या. पाटापाशी हाका मारल्या. विहिरीपाशी नाही मारल्या, कारण फर्गल म्हणाला, "तिथे मी पाहिलंय."

पहाटे उजेड फुटताना तो मला म्हणाला, तू आत जाऊन चहा ठेव. मी चहा ठेवला. नळाला पाणी होतं, धो धो. मग तो ओरडला.

मी गेले तेव्हा झाकण उघडं होतं आणि तो गुडघ्यांवर होता. "उघडंच होतं," तो म्हणाला. "झाकण उघडंच होतं, डिंफ्ना."

मी म्हटलं, पाय घसरला. पंपाला पाजायला गेली आणि पाय घसरला. पण गार्डने शेडमध्ये जाऊन पाहिलं. पंप नीट चालत होता. बादली कट्ट्यावर, काठोकाठ भरलेली. "बाई," तो मला म्हणाला, "पंपाला पाजलं असतं तर बादली रिकामी असती, नाहीतर खाली पडलेली. पाजायला गेली नव्हती. मग झाकण कशाला उघडलं?"

आणि गोळ्या होत्याच.

त्यानंतर सगळं गाव एकच शब्द बोलायला लागलं. बिचारी. दुकानात बिचारी, चर्चच्या पायऱ्यांवर बिचारी. तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडात परत कोंबावासा वाटायचा मला. मी पॅकीच्या दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर त्याला खुनी म्हटलं. तो पांढरा पडला. "डिंफ्ना, पंपाला हात नसतात गं," म्हणाला. "त्याने ढकललं नाही तिला." मी म्हटलं, ती घसरली. "बरं," तो म्हणाला, वेड्या माणसाला म्हणतात तसं.

मोठ्यांचं जाऊ द्या. ईमर पंधरा वर्षांची होती. शाळेत कोणीतरी तिला सांगितलंच. त्या दिवसापासून तिने आईचं नाव घेणं सोडलं. मॅमी हा शब्दच टाकला. तिचे फोटो उलटे करून ठेवले. मी एकदा म्हटलं, ईमर, ती घसरली गं. ती म्हणाली, "मावशी, बादली भरलेली होती." एवढंच. जणू मीच तिच्याशी खोटं बोलत होते. मला रात्री झोप यायची नाही ती इटा मेली म्हणून नाही. इटाने पोरीला टाकलं असं पोर समजते, म्हणून.

इटा मेल्यानंतर फर्गलने योग्य पंप घेतला. पुढच्या उन्हाळ्यात घराच्या पलीकडच्या बाजूला बोअर मारलं, पाणबुडी मोटर आत सोडली. पॅकीने बसवली. लाल पंप त्याने नट खोलून काढून नेला, शेडमध्ये फरशीतून वर आलेले चार बोल्ट तेवढे उरले. आजोबांची विहीर दगडगोट्यांनी भरली आणि वर काँक्रीट ओतलं. दगड टाकायच्या आधी फर्गलने ती निळी बादली आत भिरकावली. मी काठावर उभी होते. ती पाण्यावर एकदा गोल फिरली, कलंडली, बुडाली. मग दगड.

"माझ्या आईची होती ती," मी म्हटलं.

"मला ती बघवत नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, दुःख.

आता त्या रात्रीचं. त्याच वर्षी, दोन नोव्हेंबर, मृतांची रात्र. वारा अजिबात नव्हता. दलदलीवरून धुकं येऊन कुंपणाला टेकलं होतं. त्या रात्री आपली माणसं घरी येतात. दाराला कडी लावायची नाही, चुलीत विस्तव ठेवायचा, टेबलावर वाडगाभर विहिरीचं पाणी. लांबून आलेली असतात, तहानलेली असतात. आमच्या घरी कधी चुकलं नाही.

मी टोपलीत मेणबत्ती आणि मनुका घातलेला पाव घेऊन गेले. फर्गल दारातच आडवा उभा.

"कशाला आलीस?"

"तुला ठाऊक आहे कशाला."

"माझ्या घरात नको हे म्हाताऱ्यांचे खेळ."

"तुझ्या घरात माझी बहीण राहत होती, फर्गल."

तो बाजूला झाला. ईमर टेबलाशी बसली होती, केस तोंडावर.

"मावशी, उगाच आलीस. ती यायची नाही."

"येतात. सगळ्यांची येतात."

"जिला इथे राहायचंच नव्हतं, ती परत कशाला येईल?"

रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. फर्गलने तोंड चुलीकडे वळवलं. मी पाहिलं ते. कळलं नाही, पण पाहिलं.

मी वाडगा तिच्या हातात दिला. "पाणी भर."

तिने नळ सोडला. नळ खोकला. एक थेंब आला. मग नुसती हवा. मग तीही नाही.

"शक्य नाही," फर्गल म्हणाला. "नवी मोटर आहे." त्याने जाऊन फ्यूज पाहिले. सगळे दिवे चालू होते. परत येऊन नळ फिरवला. काही नाही.

"फ्रिजमध्ये बाटली आहे," ईमर म्हणाली.

"मेलेल्यांना दुकानातलं पाणी देत नाहीत."

"मग ठेव रिकामा!" ती ओरडली. "तिने आपल्याला काय ठेवलं?"

मी रिकामा ठेवला. आमच्या मॅमीने, तिच्या मॅमीने, कोणी कधी असं केलं नव्हतं. मेलेल्या माणसापुढे कोरडा वाडगा. तोही इटापुढे, जिने कधी बादली रिकामी ठेवली नाही. मी मेणबत्ती लावली, दिवा मालवला. तिघं बसलो. 

मग बाहेर काहीतरी हुंकारलं.

आधी मला वाटलं, गाय. मग ते चढत गेलं. घशातून. गळ्यात हाड अडकल्यासारखं.

ईमरने माझा हात धरला. 

"मावशी… तो…"

"ऐकतेय मी."

"पण तो नाहीये. तो काढून नेलाय…"

"हो."

"कोरडा चाललाय, मावशी. ऐक ना. हवा ओढतोय…"

त्या घरात वाढलेली पोर ती. पंपाचा भरल्या पोटी आवाज वेगळा, कोरडा आवाज वेगळा, तिला झोपेतही कळायचं. रिकाम्या शेडमध्ये, चार बोल्टांवर, नसलेला पंप पाण्यासाठी ओरडत होता.

फर्गल उठला. खुर्ची मागे पडली. दोन्ही हात कानांवर.

"बंद करा," तो म्हणाला. आमच्याकडे बघत नव्हता. "बंद करा तो… बंद करा, मला तिचं ऐकू येत नाही…"

आणि धावला.

आम्ही मागोमाग. धुक्यात तो दिसत नव्हता. आवाज तेवढा, डाव्या हाताला, कानठळ्या बसतील असा. ईमरने फोनचा उजेड पाडला. फर्गल विहिरीच्या काँक्रीटवर पालथा पडला होता. नखांनी कडा उकरत होता. बोटांना रक्त.

"झाकण… झाकण काढा…"

"कोणतं झाकण, डॅडी?" ईमरने विचारलं. तिला ओरडावं लागलं.

"अर्धं उघडं होतं. मला वाटलं… पुन्हा उघडं टाकून गेली. वासरू पडेल म्हणून…"

"कधी?"

"बाजारातून आलो. नळाला पाणी नाही. चहा नाही. बादली खाली लोळत होती…"

पंप ओरडत होता. ईमर त्याच्याजवळ बसली. उजेड त्याच्या तोंडावर.

"मग?"

"मी पिंपातून भरली. पंपाला पाजलं. चालू केला… मग पायाने झाकण लोटून लावलं."

"खाली बघितलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

"तिने हाक मारली?"

तो कडा उकरत राहिला.

"डॅडी. हाक मारली तिने?"

"पंप चालू होता, ईमर…"

आणि तो थांबला. पंप. एकदम. इतकी शांतता की धुकं गवतावर बसताना ऐकू यावं.

"आणि बादली?" मी विचारलं. 

"भरून ठेवली," तो म्हणाला. "नेहमीसारखी… भरून ठेवली."

ईमरने फोन खाली केला. मग म्हणाली, "सकाळी तूच झाकण उघडलंस. आणि मला समजू दिलंस की ती आपण होऊन गेली."

"मी नाही म्हणालो तसं. लोक म्हणाले…"

"तू 'नाही' असं म्हणाला नाहीस."

तेव्हा शेडमधून आवाज आला. टप. मग जरा वेळाने, टप. भरलेल्या भांड्याच्या काठावरून थेंब पडतो ना, तसा.

ईमर उठली. मी तिला म्हटलं, नको जाऊस. ती गेली. मी तिच्या मागे गेले, कारण म्हातारी होत चालले असले तरी त्या पोरीला एकटं सोडण्याइतकी मी भित्री नाही. शेडमध्ये चार बोल्ट होते. त्यांच्यावर गंज. फरशी कोरडी, धूळ जशीच्या तशी, त्यावर कोणाचं पाऊल नाही.

कट्ट्यावर निळी बादली होती.

काठोकाठ भरलेली. ईमरने उजेड खाली धरला. तळाशी पाण्यातून काळा डाग दिसत होता. सशाच्या आकाराचा.

जी मी माझ्या डोळ्यांनी बुडताना पाहिली. जिच्यावर गाडीभर दगड आहेत. आणि काँक्रीट आहे.

ईमरने हात लावला. मग दोन्ही हातांनी ती उचलली, छातीशी धरली, आणि थेंब न सांडता अंगणातून चालत आत गेली. बापाच्या अंगावरून गेली, बघितलं नाही. टेबलावरच्या वाडग्यात तिने चोचीतून पाणी ओतलं. दार सताड उघडं ठेवलं. खुर्ची ओढून ठेवली, आईची.

"ये, मॅमी," म्हणाली.

आणि मग रडली. वर्षभराचं. मी तिला धरून बसले उजाडेपर्यंत.

तर पंप. विहीर कोरड्या दिवसांत मापा, सप्टेंबरात, फेब्रुवारीत नव्हे. पाणी सात मीटरच्या खाली जात असेल तर वरून ओढणारा घेऊ नका, पाण्यात बसून ढकलणारी मोटर घ्या. विहिरीवर झाकण असं बसवा की ते उघडायची वेळच येऊ नये. आणि घरातल्या ज्या माणसाने दोरी खाली सोडलीय, त्याचं ऐका. पुस्तकात हे असणार नाही. आता मागे वळून फळीवर बघायचं असेल तर बघा. ईमर माझ्याकडे राहायला आली तेव्हा ती बादली घेऊन आली. रोज रात्री भरून ठेवते.

त्या रात्रीनंतर सकाळी मी गार्डला बोलावलं. तोच गार्ड. बादलीचं मी सांगायला लागले तेव्हा त्याने हात वर केला, बादल्या सगळ्या सारख्याच असतात म्हणाला. पंपाचं त्याने ऐकूनच घेतलं नाही. फर्गल खुर्चीत बसला होता, बोटांना फडकी गुंडाळलेली, जमिनीकडे बघत.  म्हणून गार्ड ईमरकडे वळला. टोपी काढली त्याने, तेवढं मात्र केलं. हळू आवाजात विचारलं, पोरी, त्या संध्याकाळी झाकण कोणी लावलं होतं?

तिने बापाकडे पाहिलं. मला वाटलं, ती डॅडी म्हणेल. जन्मल्यापासून दुसरं काही म्हणाली नव्हती.

"फर्गल हॅनली," ती म्हणाली.